दामूशेठच्या गाडीला हळू जाता येईना

दामूशेठनी किक मारली आणि त्यांची चप्पल शेजारच्या गोडाऊनच्या पत्र्यावर गेली.

किक अर्ध्यापर्यंत खाली गेली, थांबली आणि उलटी वर आली. तिच्यासोबत पाय वर आला, आणि चप्पल पायाच्याही वर. दामूशेठ एका पायावर उभे राहून पत्र्याकडे बघत होते. मी विचारलं, "लागलं का?"

"पायाला न्हाय लागलं," ते म्हणाले. "पन गाडीनं मना लाथ मारली, शीलाताई. येवढ्या वर्षांत पयल्यांदा."

याला आम्ही किकबॅक म्हणतो. पिस्टन वर चढत असतो. तो टोकाला पोचायच्या बराच आधी स्पार्क पडला, तर आतला स्फोट त्याला उलटा खाली ढकलतो. इंजिन मागे फिरतं आणि किकही. जुन्या इंजिनात कॉम्प्रेशन, म्हणजे हवा-पेट्रोल दाबून धरायची ताकद, कमी असते. त्यामुळे फटका बेताचा बसतो. या इंजिनात मात्र रेसिंगचा पिस्टन होता, आणि तो दामूशेठनी स्वतः आणला होता.

काल्हेरला माझं गॅरेज आहे. बोर्डवर टू-व्हीलर रिपेअरिंग लिहिलंय, पण माझं खरं काम इंजिन बांधायचं. आयटीआय केलं, सर्व्हिस सेंटरला नोकरी केली, मग स्वतःचं सुरू केलं. सुरुवातीला बाई इंजिन कसं खोलते ते बघायला लोक यायचे. आता इंजिन घेऊन येतात.

दामूशेठ भोईर शेजारच्या पूर्ण्या गावचे. जिथे त्यांचं भात पिकायचं तिथे आता गोडाऊन आहेत. दारात मोठी गाडी आहे, तिला ड्रायव्हर आहे. पण जीव अडकलाय तो एका जुन्या साडेतीनशे सीसीच्या मोटरसायकलवर. जमिनीला भाव येण्याआधी, स्वतःच्या कमाईने घेतलेली ती पहिली वस्तू. दर दिवाळीला ती माझ्याकडे येते, मी ऑइल बदलते, दामूशेठ तिच्या टाकीवरून हात फिरवतात. बाकी तिच्यात फारसं काही उरलं नव्हतं. धूर सोडायची आणि पुलाच्या चढावर दम टाकायची.

मुलाच्या साखरपुड्याला ते याच गाडीवर काल्हेरला मुलीच्या घरी आले होते. तिथे त्यांचे होणारे व्याही बाळाशेठ चार लोकांत म्हणाले, "भोईर, तुम्ही गाडीवर आणि मी मागून चालत आलो. तरी पयला मीच पोचलो." सगळे हसले. दामूशेठही हसले. पण पुढच्याच आठवड्यात ते एक मोठं खोकं घेऊन माझ्या गॅरेजात आले.

"ऑनलाइन मागवलंय," ते म्हणाले. "सगळं बसवाचं."

मी एकेक वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडली. वरून उंच डोकं असलेला पिस्टन. भला मोठा कार्बोरेटर. मोठं पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक. रेसिंगचे कॅम. आणि एक सायलेन्सर, ज्यातून बघितलं तर पलीकडचं स्वच्छ दिसत होतं.

"काका, हा सायलेन्सर मी बसवणार नाही. आवाज ऐकूनच पोलीस उचलून नेतील."

"मना?"

"गाडीला. आणि खरं सांगू का, तुम्हाला यातलं काहीच नको. बोअर करून साधा नवा पिस्टन टाकू, व्हॉल्व्ह बसवू. गाडी नव्यासारखी चालेल."

"नव्यासारखी न्हाय," दामूशेठ म्हणाले. "नव्यापेक्षा."

मी त्यांना कॅम समजावून सांगितला. इंजिनाला श्वास घ्यायला व्हॉल्व्ह असतात. ते कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे कॅम ठरवतो. रेसिंगचा कॅम ते जास्त वेळ उघडे ठेवतो. इंजिन जोरात फिरत असेल तर छाती भरून श्वास घेतं. हळू फिरलं की त्याला धाप लागते आणि बंद पडतं.

"मंग हळू कोन चालवतंय," दामूशेठ म्हणाले.

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

सायलेन्सर खोक्यात परत गेला, बाकीचं कामाला घेतलं. सिलिंडर घेऊन निजामपुऱ्यात अन्वरभाईंकडे गेले. ते बोअरिंग करतात, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक नव्या पिस्टनच्या मापाने घासून देतात. त्यांच्या दोन्ही बाजूंना पॉवरलूम. तिथे आवाजात बोलून उपयोग नसतो, त्यामुळे सगळी गल्ली हातवाऱ्यांनी बोलते. अन्वरभाईंनी पिस्टन हातात घेतला, उलटासुलटा केला, दोन्ही हात हवेत उडवून विमान दाखवलं. मी मान हलवली. मग त्यांनी दाढीवरून हात फिरवून विचारलं, गाडीवाला म्हातारा आहे का. मी पुन्हा मान हलवली. त्यांनी दोन्ही हात आकाशाकडे केले. लूम थांबले तेव्हा म्हणाले, "बोअर तो हम कर देंगे, मॅडम. बाकी उसको बोलो के दुआ करे."

इंजिन जुळवताना एक गोष्ट तपासावी लागते. पिस्टन उंच आणि व्हॉल्व्ह जास्त उघडणारे, तर दोघं आत एकमेकांवर आपटतील का? त्यासाठी पिस्टनच्या डोक्यावर मऊ काहीतरी लावतात, इंजिन हाताने एकदा फिरवतात आणि किती दबलं ते बघतात. मी डब्यातून घट्ट कणकेचा गोळा आणला होता. तो पिस्टनवर थापत होते तेवढ्यात दामूशेठ आले. लगेच चप्पल काढून हात जोडून उभे राहिले.

"काका, काय करताय?"

"नैवेद्य हाय ना?"

मी सांगेपर्यंत त्यांचे डोळे मिटलेले होते. कणकेवर व्हॉल्व्हचा ठसा उमटला, खाली पुरेशी जाडी शिल्लक होती, म्हणजे दोघं आपटणार नव्हते. दामूशेठना तो शुभशकुन वाटला आणि खरं म्हणजे तो होताच.

मग तो किकचा प्रसंग झाला. गोडाऊनच्या वॉचमनने शिडी लावून चप्पल काढून दिली. मी टायमिंग मागे घेतलं, म्हणजे स्पार्क जरा उशिरा पडेल असं केलं, आणि पुढची किक स्वतः मारली. इंजिन सुरू झालं. जुनाच सायलेन्सर होता, तरी असा आवाज आला की समोर माल उतरवणारे हमाल हातातली खोकी तशीच धरून उभे राहिले. मी ॲक्सिलरेटर सोडला. भक्, भक्, भक्, बंद. पुन्हा सुरू केलं, कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला, तास दोन तास झगडले. रेस धरून ठेवली तर वाघ, सोडली तर गप्प.

"ही आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, चालू राहणार नाही," मी सांगितलं. "थांबलात तरी रेस देत राहा. आणि स्प्रॉकेट मोठं आहे, पहिल्या गिअरलाही रांगणार नाही, पळेलच."

दामूशेठ एक चक्कर मारून आले. चेहरा विशीतल्या माणसाचा झाला होता. केस उभे. "कंटेनर मागं टाकला," ते म्हणाले. "रिकामा नव्हता, भरलेला." मग निघताना मला पत्रिका दिली. "रविवारी या. वरातीत हीच गाडी पुढं. मी चालवनार, तुमची काकी मागं."

मी स्टुलावर बसले. "वरातीत?"

"मंग? बाळाशेठच्या दारात हिच्यावरच जानार."

"काका, वरात किती हळू चालते माहितीय ना?"

त्यांनी टाकीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "बँडवाल्यांना सांगतो, जरा भरभर वाजवा."

जुना कॅम परत टाकते असं मी म्हणाले, तर ते ऐकेनात. त्यांची बायको यमुनाकाकी बाहेर मोठ्या गाडीत बसल्या होत्या. मी त्यांना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "मना त्या बॉम्बवर न्हायच बसाचं. पन पोराचं लगीन हाय, आन ह्यांचं त्वांड बघ. कशी न्हाय म्हनू?"

रविवारी मी साडी नेसून, स्कूटरच्या डिकीत पाने-स्क्रूड्रायव्हर घेऊन पूर्ण्याला गेले. नवरदेव फुलांनी सजवलेल्या गाडीत. त्याच्या पुढे बँड, बँडच्या पुढे नाचणारे, आणि सगळ्यांच्या पुढे दामूशेठ फेट्यात, मागे पैठणी नेसलेल्या काकी. बँड सुरू झाला. नाचणारे दोन पावलं पुढे आले, दीड पावलं मागे गेले. दामूशेठनी क्लच सोडला. गाडी एक उडी मारून बंद पडली.

किक. सुरू. उडी. बंद.

काकींचा एक हात दामूशेठच्या खांद्यावर आणि दुसरा डोक्यावरच्या पदरावर. दर उडीला दोन्हीपैकी एक सुटत होता. बँडवाले थांबले. मागे रस्त्यावर ट्रक हॉर्न द्यायला लागले. गल्लीच्या तोंडापर्यंत जाईतो दामूशेठचा फेटा कानावर आला होता आणि किक मारून मारून मांडी थरथरत होती. त्यात इंजिन तापलं. हवेवर थंड होणारं इंजिन ते, जागेवर उभं राहिलं तर तापणारच. अजून थोडा वेळ असं चाललं असतं तर पिस्टन अडकला असता, आणि व्याह्यांच्या दारात गाडी ढकलत न्यावी लागली असती. दामूशेठ माझ्याकडे बघत होते. गर्दीत एकच चेहरा रडवेला, आणि तोही नवरदेवाच्या बापाचा.

मी जवळ गेले. "काका, ही हळू जाणार नाही. मग हळू जाऊच नका. पुढे निघा, काल्हेरपर्यंत जा, वळून परत या. वरात येईपर्यंत फिरत राहा. फक्त थांबू नका."

त्यांना ते पटायला क्षणही लागला नाही. गाडी गर्जत निघून गेली. काकींचा "अगो बाय" असा आवाज लांबपर्यंत ऐकू आला. मी स्कूटरने मागे निघाले.

काल्हेरला मांडवात लोक तयारच बसलेले. आवाज ऐकून मुलीकडचा बँड सुरू झाला, बायका ताटं घेऊन पुढे आल्या. दामूशेठ रेस धरून उभे. त्यांना कुंकू लागलं, दोघांना ओवाळलं, बाळाशेठनी काकींच्या हातात नारळ दिला.

"वरात कुठंय?" बाळाशेठनी विचारलं.

"मागं हाय," दामूशेठ ओरडले आणि वळून गेले.

वरात तोवर एका विजेच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत आली होती. दामूशेठ तिच्या बाजूने गेले, हात केला, वळले आणि पुन्हा काल्हेरला. पुन्हा बँड, पुन्हा ताटं. व्याह्याला न ओवाळता परत कसं पाठवायचं, म्हणून पुन्हा कुंकू, पुन्हा नारळ. तिसऱ्या खेपेला मुलीची मावशी म्हणाली, "ह्यांना किती बारी ओवाळाचं?" कुणालाच नियम माहीत नव्हता, म्हणून ओवाळत राहिले. दामूशेठच्या कपाळावर जागा उरली नाही तेव्हा नाकावर लावलं. काकींच्या ओटीत नारळ मावेनात, तर त्यांनी एक मला धरायला दिला. बाळाशेठनी एक माणूस दुकानात पाठवला.

मला काळजी इंजिनाची होती. मी एका फेरीला हात जवळ नेऊन बघितला. वारा लागत होता, गाडी मस्त थंड होती. तिला जे हवं होतं तेच चाललं होतं. आणि काकी. पहिल्या फेरीला त्यांचे डोळे घट्ट मिटलेले होते. आता पदर कमरेला खोचलेला आणि डोळे उघडे. दामूशेठ दमून म्हणाले, "आता वाईच थांबू या का?" तर मागून आवाज आला, "थांबू नका सांगलंय ना तिनं. चला."

वरात मांडवात पोचली तेव्हा नवरदेवाकडे फारसं कुणी बघत नव्हतं. त्याच्या आईवडिलांना सगळं काल्हेर ओळखत होतं. बाळाशेठ दामूशेठना मिठी मारून म्हणाले, "व्याही, मानलं. मी आयुष्यात कुनाचं येवढं स्वागत केलं न्हाय." त्या मिठीत दामूशेठचं कुंकू बाळाशेठनाही फासलं गेलं. लग्न वेळेवर लागलं.

पुढच्या आठवड्यात नवराबायको गाडी घेऊन गॅरेजात आले. दामूशेठ म्हणाले, "जुनं सगळं परत बसवा. दूध आनाया जातो तर दूधवाल्यापाशी थांबत न्हाय. दूध मागं, मी पुढं."

मी कॅम, कार्बोरेटर आणि स्प्रॉकेट जुनं बसवलं. पिस्टन काढायला लागले तर काकी पुढे आल्या. "बाय, तो र्‍हाऊ दे. खारबावला भावाकडं जाताना चढाला बरा हाय." तो पिस्टन अजून आत आहे. टायमिंग त्याच्या मापाने ठेवलंय, गाडी निवांत उभी राहते, चढही चढते.

जुनं इंजिन कामाला घेण्याआधी आता मी दोन प्रश्न विचारते. किती जोरात पळवायची, हा दुसरा. पहिला म्हणजे, सगळ्यात हळू कुठे चालवणार. बहुतेकांना याचं उत्तर सुचत नाही. मग मी त्यांना चहा देते आणि घरात यंदा कुणाचं लग्न आहे का ते विचारते.