कंदुरीचा बोकड आणि तरणा राजा

गेली काही वर्षं मी या ब्लॉगवर लेण्यांबद्दल, घाटांबद्दल आणि बऱ्या-वाईट खानावळींबद्दल लिहीत आले. यावेळी परभणी जिल्ह्यातल्या बोरीला जाऊन आले. तिथे बघण्यासारखं काय आहे, असं विचारलंत तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. तरी लिहिते, कारण न लिहून जमेना.

बोरीजवळच्या शाळेत माझी थोरली बहीण शिकवते. तिचा फोन आला, "तू ये बाई दोन दिवस. गिरजाबाईला काय खरं ते वाचून दाखव. मी नुसती शाळेतली, तू पेपरातली. तुझं ऐकेल ती." मी अकोल्याच्या एका दैनिकात परदेशी बातम्यांचं भाषांतर करते. घरच्यांना या नोकरीचा उपयोग झाल्याचं मला तरी आठवत नव्हतं.

गिरजाबाई म्हणजे ताईची शेजारीण. घरी शेळ्यामेंढ्या. तिचा मुलगा बालाजी आखातातल्या एका छोट्या देशात मेंढ्या राखायला गेला, दोन वर्षांच्या करारावर. तिथे मालकाच्या कळपात मेंढ्या कमी भरल्या, आळ याच्यावर आला आणि पोरगा तुरुंगात गेला. अशात त्या देशाच्या गादीवर नवा राजा बसला. त्याची पहिलीच घोषणा होती, 'मुदत संपलेल्या परदेशी कामगारांना माफी'. ही ओळ फोनाफोनी फिरत बोरीत पोचली. मुदत म्हणजे व्हिसाची, आणि माफी फक्त ज्यांच्यावर खटला नाही त्यांना. गिरजाबाईच्या घरात मात्र मुदत म्हणजे कराराची दोन वर्षं, आणि ती कधीच सरली होती. त्यातून हा राजा पहिल्या परदेश दौऱ्यावर थेट दिल्लीला येणार होता. आता तो रिकाम्या हातानं कशाला येईल?

अकोल्याहून सकाळची गाडी धरली. वाशीम, हिंगोली करत गाडी पूर्णेला येते. पूर्णा जंक्शनवर परभणीची गाडी मिळेपर्यंत वेळ जातो, तेव्हा बाहेर येऊन भजी खा. तिथली मिरची भजी खरंच चांगली आहेत. शेजारच्या बाकावर रेल्वेतले दोघे राजाच्या विमानाबद्दल बोलत होते. एक म्हणाला, "सोन्याचे नळ हायत म्हणं आतमधी." दुसरा म्हणाला, "असू दे की. पाणीच येतं ना त्यातून." मी हसले. त्या दिवसातलं शेवटचंच हसू.

परभणीहून जिंतूरच्या एसटीत बसायचं, बोरी रस्त्यातच लागते. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे जागा मिळाली तर नशीब समजा. झरी सोडल्यावर दोन्ही बाजूंना काळं रान, पिवळ्या फुलांवर आलेल्या तुरी आणि वेचणीचा कापूस. एरवी अशा ठिकाणी मी चार फोटो काढते. या वेळी पिशवीत फोन होता, आणि त्या फोनमध्ये दिल्लीतल्या भेटीच्या निवेदनाचा इंग्रजी मजकूर येऊन पडणार होता. मला उतरूच नये असं वाटत होतं.

ताईच्या दारात पहिलं स्वागत बोकडानं केलं. माझ्या पिशवीतलं संत्रं त्यानं सालीसकट ओढलं आणि कुणी त्याला हटकलं नाही. गळ्यात हिरवं फडकं. "कंदुरीचा हाय," गिरजाबाई कौतुकानं म्हणाली. बालाजी सुटून आला की गावाबाहेरच्या दर्ग्याला हा बोकड द्यायचा आणि सगळ्या भावकीला जेवू घालायचं, असा तिचा नवस. नवसाला सोडलेल्या बोकडाला या भागात कुणी बांधत नाही, मारत नाही, विकत तर नाहीच. ओसरीजवळ सरपण रचलं होतं, शेजारून मोठी पातेली आणली होती. मानवतच्या व्याह्यांना रविवारच्या जेवणाचा निरोप गेला होता.

"लय दिस सोडलेला हाय बगा," ती बोकडाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "आता राजानं आमचं लेकरू सोडलं की झालं."

मी त्याची शिंगं बघत राहिले.

ताईनं ज्वारीच्या भाकरी आणि येसराची आमटी केली होती. येसर म्हणजे भाजलेलं धान्य आणि मसाले एकत्र कुटून केलेलं पीठ. मराठवाड्यात आलात तर मागून खा. सगळे ताईच्या टीव्हीसमोर बसलो. गिरजाबाई नवं लुगडं नेसून आली होती. तिचे मालक मारोतराव दारातच टेकले, पटका मांडीवर ठेवून. पडद्यावर विमान उतरलं, गालिचा अंथरला गेला, राजा उतरला आणि आपल्या पंतप्रधानसाहेबांनी त्याला मिठी मारली. गिरजाबाई राजाकडे बघतच नव्हती. राजाच्या मागून विमानाच्या जिन्यानं जे कुणी उतरत होते त्या एकेकाचं तोंड ती बघत होती.

जिना रिकामा झाला. "दुसऱ्या इमानात असंल," ती म्हणाली.

संध्याकाळी संयुक्त निवेदन आलं. मी वाचलं. बंदर, वायू, सौरऊर्जा. शेळ्यामेंढ्यांच्या निर्यातीचा नवा करार. आपली जनावरं तिकडे जायला आता काही अडचण राहिली नव्हती. आणि शेवटी ते वाक्य, जे मी आजवर शंभरदा तरी डोळे मिटून लिहिलं असेल: परस्परहिताच्या सर्व प्रश्नांवर विचारविनिमय झाला.

मी ते जसं होतं तसं मराठीत वाचलं. सवयच ती.

गिरजाबाई पुढे सरकली. "म्हंजी इचारलं ना आपल्या सायबानं? बालाजीचं इचारलं?"

"तसं नाही मावशी. विचारविनिमय म्हणजे नुसतं बोलणं."

"बोलल्यात तर इचारलंच असंल की. काहून न्हाई इचारनार? पाव्हना घरी आल्यावर मानूस लेकराबाळाचंच इचारतंय."

या शब्दाचा अर्थ तिला कसा सांगायचा? त्याला अर्थ नाही, म्हणून तर तो वापरतात. तरी मी सांगितलं. व्हिसा काय, खटला काय, माफी कुणाला आहे आणि कुणाला नाही, सगळं. ताई माझ्या शेजारी मान खाली घालून बसली होती. सांगताना माझा मलाच संताप येत होता. इतकं नीट, मुद्देसूद बोलणं त्या खोलीत शोभत नव्हतं.

गिरजाबाई रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "म्हंजी त्येची मुद्दत येगळी."

"हो."

मारोतराव उठून अंगणात गेले. थोड्या वेळानं त्यांचा फोनवरचा आवाज आला, "पाव्हनं, येऊ नका आयतवारी. न्हाई, न्हाई, तसं कायबी न्हाई. बोकड जरा आजारी पडलाय." बोकड त्यांच्या पायाशी सरपणातली ओली पानं खात उभा होता, ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा गिरजाबाई एसटीपर्यंत सोडायला आली. रस्त्यात पातेली डोक्यावर घेऊन मारोतराव ज्याची त्याला परत करायला चालले होते. थांबलेही नाहीत. फाट्यावर गाडी दिसल्यावर गिरजाबाई म्हणाली, "बाई, एक सांगा. ही माफी नवा राजा बसला की देत्यात ना?"

"हो. बहुतेक तेव्हाच."

"ह्या राजाचं वय काय असंल?"

मी म्हणाले, "पस्तिशीचा असेल."

पदर सावरत ती म्हणाली, "लय तरना हाय." इतकंच. माझ्या पिशवीत तिनं भुईमुगाच्या शेंगा कोंबल्या आणि वळून चालायला लागली.

परतीचा रस्ता तोच, पूर्णेचीच गाडी. भजी घेतली नाहीत. तुम्ही बोरीला जाणार असाल तर एसटी भरपूर आहेत, रस्ता ठीक आहे, माणसं उपाशी पाठवत नाहीत. त्यापलीकडे मला तुम्हाला कसला सल्ला देता येत नाही. ताईचा परवा फोन आला. बोकड आता शाळेच्या आवारात शिरून पोरांचे डबे खातो आणि कुणी त्याला बोलत नाही.

काल ऑफिसात माझ्या टेबलावर राजाच्या पुढच्या दौऱ्याची बातमी आली. घोड्यावर बसलेला, दात दाखवून हसणारा फोटो. खाली ओळ होती, राजेसाहेबांची प्रकृती उत्तम. मी भाषांतर केलं, मथळा दिला. मग कुणी बघत नाहीसं पाहून फोटो मोठा केला आणि त्याच्या दाढीत एखादा पांढरा केस शोधत बसले. एकही सापडला नाही.