फुटाची ओळ

खोटा माल मी नुसता हातात धरून ओळखतो. सागवान म्हणून आंब्याच्या फळ्या दोनदा घरी आणल्या, तेवढं सोडा.

सत्तरची सालं सरत आली होती. मी नाशकात सुतारकाम करायचो, घर नांदगावला. धाकट्या बहिणीचा साखरपुडा ठरला. नवरदेव तिकडं पेठला नोकरीला, म्हणजे लग्नापर्यंत परत दिसायचा नाय. तिला जवळ ठेवायला दोघांचा एक फोटो पाहिजे होता, बाकी काही मागणं नव्हतं. गावातला फोटोवाला तिनं सांगूनपण ठेवला होता. मी म्हणालो, त्याला नाय म्हणून सांग, भाऊ कशाला हाय?

भावाकडं कॅमेरा नव्हता.

मेन रोडच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं जपानी कॅमेरा दाखवला. म्हणाला, ड्यूटी भरलेला माल हाय, पक्कं बिल देतो. ड्यूटी म्हटल्यावर मला सातपूरच्या कारखान्यातली पाळीच आठवली. मी विचारलं, "म्हणजे वापरलेला हाय का?" त्यानं कॅमेरा उचलून परत कपाटात ठेवला.

मग कुणीतरी स्टँडमागच्या चहाच्या टपरीवर एक माणूस गाठून दिला. तोच कॅमेरा, निम्म्या भावात. जहाजावरून आलेला, बिल नाय. मी काय सोडतो का. खोक्यात साबणाची वडी असेल म्हणून तीनदा उघडायला लावलं. कॅमेऱ्याचा वास घेतला. स्क्रू नखानं खरवडून बघितले, नख तुटलं. टपरीवाला सारखा आमच्याकडं बघत होता, तो कस्टमचा माणूस असणार असं मला वाटलं. त्याला त्याचा कप परत पाहिजे होता.

शेवटी खोट सापडली. दुकानातल्या कॅमेऱ्याच्या पुढच्या कडीवर अंतराचे आकडे दोन ओळींत होते, ह्याच्यावर एकच ओळ.

"एक ओळ कमी हाय," मी म्हणालो. "नकली."

"शेठ, हा तिकडं जपानातच विकायचा माल. तिकडं एकाच ओळीत भागतं."

"मग एका ओळीचे पैसे कमी कर."

त्यानं लगेच केले. तेव्हाच संशय यायला पाहिजे होता, पण मी स्वतःवर लय खूश होतो.

नांदगावच्या एस्टीत कॅमेरा हत्यारांच्या पिशवीत रंध्याखाली, भुशात लपवला. शेजारचा पॅसेंजर पिशवीकडं टक लावून होता. साध्या कपड्यातला पोलीस असणार म्हणून मी मनमाडपर्यंत झोपेचं सोंग घेतलं. उतरताना त्यानं विचारलं, मिस्त्री, दाराची कडी बसवून द्याल का?

साखरपुड्याला कॅमेरा गळ्यात घातला. माणूस किती लांब हाय ते कडीवर लावलं तरच फोटो स्वच्छ येतो, आणि फोटोवाले म्हणे ते अंतर डोळ्यानं अंदाजतात. सुतारानं अंदाज कशाला करायचा? मी टेप काढला आणि माझ्या छातीपासून बहिणीच्या नाकापर्यंत मोजलं. बरोबर सात फूट. कडी सातावर लावली. नवरदेवाची आत्या माझ्या आईला हळूच विचारायला लागली, पोरीच्या उंचीत काही भानगड हाय का? मी दर फोटोला टेप लावला. फोटोवाल्यानं एवढं केलं असतं का?

रोल धुऊन आला. नवरानवरी चुलीच्या धुरात बसल्यासारखी, कोण बाई कोण बुवा कळेना. आणि लांब मागं कढईपाशी बसलेला आचारी असा स्वच्छ, की त्याच्या बनियनची भोकं दिसत होती. सगळ्या फोटोंत तोच.

नकली माल गळ्यात मारला म्हणून टपरीवर धावलो. तो माणूस कुठला सापडतोय. मग मेन रोडच्या दुकानदारापुढं कॅमेरा आपटला आणि म्हणालो, हा खोटा हाय, एवढं तोंडानं सांगा. त्यानं कडी फिरवून बघितली.

"माल अस्सल आहे. अंतर कशात मोजलंत?"

"फुटात. सुतार हाय मी."

"आमच्या मालावर फूट आणि मीटर, दोन्ही ओळी असतात. ह्याच्यावर फक्त मीटर आहे."

म्हणजे माझं सात थेट आचाऱ्यापर्यंत गेलं होतं, आणि मी पैसे पाडून घेतले ते फुटाच्या ओळीचे.

नांदगावला जाऊन बहिणीला सगळं सांगितलं. तिनं एकेक फोटो खिडकीपाशी धरून नवऱ्याचं तोंड शोधलं. सापडलं नाय. फोटो पालथे ठेवले आणि म्हणाली, "दादा, लग्नाला मी फोटोवाला सांगितलाय. तू नुसते पाट कर. फुटातच कर."