रॉकेट आता रोजच उतरतं

आडनाव दाबके आणि नोकरी प्रेसशॉपमध्ये, म्हणून सुरेंद्रची थट्टा व्हायची. तोही हसायचा. चाकणच्या ज्या कारखान्यात गाड्यांच्या दरवाज्यांचे पत्रे भल्यामोठ्या प्रेसखाली दाबून आकाराला आणतात, तिथे तो मेंटेनन्सचा प्रमुख होता. मशीन बंद पडलं की सगळा कारखाना त्याच्या नावानं शंख करी आणि तो मान खाली घालून पाना हातात घेई. रागावलेला सुरेंद्र कुणी पाहिलाच नव्हता. सांगवीच्या घरी बायको पद्मासुद्धा म्हणायची, "ह्यांना चिडायला शिकवायचं राहूनच गेलं."

त्याला शौक एकच, रॉकेटचा. दोन हजार पंधराच्या डिसेंबरातली एक सकाळ होती. पद्मा डबा भरत होती, छोटी लेक ओवी शाळेसाठी वेणी घालत होती, आणि सुरेंद्र कानात वायर घालून मोबाइलला चिकटला होता. अमेरिकेतलं एक रॉकेट उपग्रह घेऊन वर गेलं, आणि त्याचा खालचा भाग, चौदा-पंधरा मजली इमारतीएवढा, आगीचा झोत सोडत परत आला आणि जमिनीवर सरळ उभा राहिला. सुरेंद्र असा ओरडला की पद्माच्या हातातली पोळी डब्याबाहेरच पडली. "उतरलं! अगं, उभं उतरलं!"

कंपनीच्या बसमध्ये त्यानं तो व्हिडिओ जो भेटेल त्याला दाखवला. बहुतेकांनी "हो का, छान" म्हणून माना फिरवल्या. फक्त पिंटूनं मोबाइल हातातून सोडला नाही. पिंटू म्हाळुंग्याचा, चार नंबरच्या प्रेसवरचा ऑपरेटर. घरची जमीन कारखान्यांत गेली तेव्हा हा नोकरीला लागला. लग्न होऊन पोरं झाली तरी गाव त्याला पिंटूच म्हणे.

"साहेब, एवढं धूड वाऱ्यानं कलंडत कसं न्हाई?"

"त्याच्या अंगावर सेन्सर असतात. आपण किती झुकलोय, जमीन किती खाली आहे, हे त्याला क्षणाक्षणाला कळत असतं. जरा कललं की लगेच सावरतं."

"म्हंजे डोळं हायती त्येला," पिंटू म्हणाला.

तेव्हापासून दोघांची जोडी जमली. रॉकेट उडणार असलं की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात दोघं एका मोबाइलवर वाकलेले. किती तरी रॉकेटं आधी कोसळली होती, समुद्रातल्या तराफ्यावर आपटून फुटली होती. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीनं स्वतःच ते सगळे फजितीचे व्हिडिओ लोकांपुढे ठेवले होते. पिंटूला ते फार आवडत. मग हळूहळू रॉकेटं उतरतच गेली. महिन्याला, मग आठवड्याला, मग दोन-तीन दिवसांआड. तेच रॉकेट वीस-वीस वेळा जाऊन येऊ लागलं. पिंटू जांभई देत म्हणाला, "आता एसटी फलाटाला लागावी तसं लागतंय, साहेब." चोवीस सालच्या ऑक्टोबरात एका रविवारी संध्याकाळी त्याहून अवाढव्य रॉकेटचा खालचा भाग परत आला आणि उड्डाणाच्या मनोऱ्याच्या दोन लोखंडी हातांनी तो हवेतच झेलला, तेव्हा मात्र दोघं फोनवर एकमेकांवर ओरडले. ती शेवटची आरोळी.

पुढच्या फेब्रुवारीत पिंटूची उजव्या हाताची तीन बोटं प्रेसमध्ये गेली.

ते कसं झालं हे सुरेंद्रला कुणी सांगायची गरज नव्हती. प्रेसच्या तोंडाशी दोन खांब असतात आणि त्यांच्यामध्ये न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. चार नंबरचा पडदा जुना झाला होता. धुळीनं, तेलाच्या वाफेनं उगाचच प्रेस थांबायची. प्रॉडक्शन मागे पडायचं. म्हणून पॅनेलमध्ये एक वायर टाकून तो पडदाच बाद केला होता. प्रेस आंधळी झाली, पण थांबेनाशी झाली. सुरेंद्रनं ती वायर दोनदा काढली. दोन्ही वेळा पुढच्या शिफ्टला ती परत बसली. नवा पडदा मागितला की उत्तर ठरलेलं: "पुढच्या महिन्यात बघू." तिसऱ्यांदा वायर काढायला तो गेला नाही. सवय झाली होती.

पिंटूला दवाखान्यात पोचवून, त्याच्या बायकोला खुर्चीवर बसवून, शर्टावरचे डाग तसेच घेऊन सुरेंद्र संध्याकाळी कारखान्यात परतला. त्याला वाटलं होतं, शॉप बंद असेल, लोक घोळक्यानं उभे असतील. लांबूनच आवाज आला. धाड. धाड. चार नंबर चालू होती. फरशी पुसून घेतली होती. दुसरा ऑपरेटर पत्रे सरकवत होता आणि पॅनेलमध्ये वायर जिथल्या तिथे होती.

"बंद का केली नाही?" सुरेंद्रनं सुपरवायझरला विचारलं.

"केली होती की, साहेब. तासभर होती बंद." सुपरवायझर सुजित तसा वाईट माणूस नव्हता. समजूत घालावी तसा म्हणाला, "असं होतंच हो ह्या लाइनीत. आपल्या स्टोअरच्या अर्जुनरावांचं नाही का झालं? पलीकडच्या कंपनीत तर दर वर्षी एखादं होतंच."

दर वर्षी एखादं होतंच. सुरेंद्रनं पॅनेल उघडलं, वायर हिसडून काढली आणि तिचे तुकडे करून सुजितच्या पायाशी टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे नवी वायर होती. जुनीपेक्षा नीट बसवलेली.

मग तो केबिनमध्ये गेला. प्लँटचा प्रमुख अवधूत, वाकडला उंच इमारतीत राहणारा, सुरेंद्रपेक्षा दहाएक वर्षांनी लहान, गोड बोलणारा. "दाबके, तुमच्या भावना मी समजू शकतो. मार्चएंड होऊ द्या." दुसऱ्यांदा गेला तेव्हा म्हणाला, "इतकं मनाला लावून घेऊ नका." तिसऱ्यांदा दारावरूनच सांगण्यात आलं की सर मीटिंगमध्ये आहेत. घरी सुरेंद्रनं जेवणाचं ताट सरकवून दिलं आणि ओवी घाबरून आईकडे बघू लागली. चिडायला शिकवायची वेळ आता गेली होती.

मार्च उजाडला आणि सुरक्षा दिन आला. पार्किंगमध्ये मांडव घातला, प्रत्येकाच्या छातीवर हिरवी फीत टाचली. पहिल्या रांगेत पिंटूला बसवला होता, हाताला पांढरं बँडेज. त्याच्या धीराबद्दल शाल आणि नारळ द्यायचा होता. अवधूत बोलायला उभा राहिला आणि त्यानं पडद्यावर व्हिडिओ लावला. तेच रॉकेट. तोच मनोरा, तेच दोन लोखंडी हात. वर ढोल-ताशाचं संगीत चढवलेलं.

"मित्रांनो, हे जर शक्य आहे, तर आपलं टार्गेट का शक्य नाही? सगळा माइंडसेटचा खेळ आहे!"

टाळ्या पडल्या. मग शपथ. सगळ्यांनी उभं राहून उजवा हात पुढे करायचा. सगळा मांडव उभा राहिला, शेकडो हात पुढे झाले. पिंटूही सवयीनं उठला, त्याचा हात अर्धा वर आला, आणि ते बँडेज सगळ्यांच्या हातांमध्ये अधांतरी थांबलं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि हात हळूच पाठीमागे लपवला.

"बंद करा हे!"

आवाज कुणाचा हे आधी कुणाला कळलंच नाही. सुरेंद्र रांगांमधून वाट काढत पुढे आला होता.

"अवधूत सर, ते रॉकेट माइंडसेटनं उतरत नाही. त्याला दिसतं म्हणून उतरतं. आपल्या चार नंबरचे डोळे आपण वायर टाकून फोडलेत. पाच आणि सात नंबरचेही. ती वायर आत्ता, ह्या क्षणाला तिथे आहे, आणि तुम्ही इथे शपथ देताय?"

"दाबके, आपण केबिनमध्ये बोलू."

"केबिनमध्ये बोलून झालं! त्यांची रॉकेटं पडली तेव्हा त्यांनी ती जगाला दाखवली. का पडलं ते शोधलं, मग पुढचं उडवलं. आपण काय केलं? फरशी पुसली! माणूस अजून ऑपरेशनच्या टेबलावर होता आणि आपण प्रेस चालू केली! आणि आता त्याला नारळ देताय? लाज वाटत नाही?"

सुरेंद्र तडक शॉपमध्ये गेला. चार, पाच आणि सात, तिन्ही प्रेसचे मेन स्विच खाली ओढले, त्यांना मेंटेनन्सची लाल कुलपं घातली आणि चाव्या खिशात टाकल्या. "पडदे बसेपर्यंत ह्यांना कुणी हात लावायचा नाही."

दुपारी कुलपं कापायला माणूस आला. तिन्ही प्रेसचे ऑपरेटर पॅनेलसमोर येऊन उभे राहिले. घोषणा नाही, शिवी नाही. नुसते उभे. कुलपं कापायला आलेला माणूस थोडा वेळ थांबला आणि आल्या वाटेनं गेला. संध्याकाळी गाड्यांच्या कंपनीतून फोनवर फोन सुरू झाले; त्यांचे दरवाजे अडले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या आत तीन नवे पडदे आले. भोसरीच्या एका दुकानातून, टेम्पोनं. ते खोके बघून सुरेंद्रला आनंद व्हायला हवा होता. उलट त्याचं डोकं आणखी भडकलं. वर्षभर "पुढच्या महिन्यात" म्हणून टोलवलेली वस्तू तासाभराच्या अंतरावर दुकानात पडून होती. एका माणसानं जाऊन आणायची, एवढंच.

पडदे बसले, त्यानं स्वतः हात घालून तपासले, आणि त्याच संध्याकाळी शिस्तभंगासाठी त्याला घरी बसवण्यात आलं.

घरी बसलेला सुरेंद्र पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझाऱ्या घाली. एकदा ओवीनं त्याला खूश करायला रॉकेटचं उड्डाण लावलं. ती आता इंजिनिअरिंगला होती. रॉकेट गेलं, आलं, उतरलं. निवेदिकेचा आवाजसुद्धा चढला नाही.

"बंद कर," तो म्हणाला.

"बाबा, कंटाळा यायला लागला म्हणजेच ते खरं जमलं ना? विमान उतरलं म्हणून कोण टाळ्या वाजवतं?"

"त्यांना उतरण्याची सवय झाली, ओवी. आम्हाला बोटं तुटण्याची झाली! माणसाला कशाची सवय होते त्यावरून तो कळतो." तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला.

रविवारी पिंटू आला. पद्मानं चहा दिला, तो त्यानं डाव्या हातानं घेतला आणि न पिताच खाली ठेवला. सुरेंद्रला वाटलं, आभार मानायला आला असेल.

"साहेब, लै भारी बोललात म्हनत्यात सगळी. पन माझ्या बोटांवर बोललात. मला इचारलं व्हतं का?"

पिंटूनं उजवा हात मांडीआड सरकवला.

"सगळा मांडव माझ्या हाताकडं बघत व्हता. धरनीनं गिळावं असं झालं मला."

"मग मी काय गप्प बसायचं होतं?" सुरेंद्रचाही आवाज चढला. "नोकरी पणाला लावली मी तुझ्यासाठी!"

"गप मी बी बसनार न्हवतो! शाल घालाया आलं की माइक हातात घेनार व्हतो. घरी बायकोम्होरं पाठ केलं व्हतं सगळं. तुमी आधीच उठलात. माझं बोलनं बी ग्येलं, साहेब."

इतके दिवस सुरेंद्र पिंटूसाठी भांडत होता, आणि पिंटूला काय म्हणायचंय हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. पद्माच म्हणाली, "मग आता बोला की, पिंटूभाऊ. जिथे सरकार लिहून घेतं तिथे जाऊन बोला. हे येतील सोबत. बोलणार मात्र नाहीत."

कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात दोघं गेले. अधिकाऱ्यानं साहजिकच इस्त्रीचा शर्ट घातलेल्या सुरेंद्रकडे पाहून विचारलं, "बोला, काय झालं?"

"त्यास्नी नका इचारू," पिंटू म्हणाला. "हात माझा हाय." आणि त्यानं पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं. वायर, टार्गेट, पुसलेली फरशी, नारळ. सुरेंद्र शेजारी दात आवळून बसला. मधेच बोलू नये म्हणून त्यानं खुर्चीची कड घट्ट धरली होती.

चौकशी लागली. कंपनीचं म्हणणं, अपघात ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे झाला. तारखा पडताहेत, अजून निकाल नाही. सुरेंद्रला काढून टाकलं. तो आता भोसरीच्या एका लहान कारखान्यात आहे आणि पूर्वीचा शांत दाबके काही परत आलेला नाही. मालकाशीही तो भांडतो. अवधूतची बढती होऊन बदली झाली. पिंटूला प्रेसवरून काढून गेटवर बसवलंय, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांसाठी दांडा वर-खाली करायला.

शिफ्ट सुटायच्या वेळी तो गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर जातो. तिथे आजूबाजूच्या सगळ्या कारखान्यांत नव्यानं लागलेले ऑपरेटर असतात. कुणी लातूरचा, कुणी परभणीचा, कुणी बिहारचा. पिंटू त्यांच्यासमोर उजवा हात धरतो, आता उघडा. परवा बिहारचा एक जण हात बघून ओशाळं हसला. पिंटूनं डाव्या हातानं त्याची कॉलर धरली.

"हसू नगं. उद्या मशीनवर हुबा राह्यलास की पयलं आत काठी घालून बघ, प्रेस थांबती का. न्हाई थांबली तर बटन दाबायचं न्हाई. साहेब वरडला तर वरडू दे."

"और नौकरी गयी तो?" त्यानं विचारलं.

पिंटूनं कॉलर सोडली. "गेली तर गेली," तो चिडूनच म्हणाला, आणि चहावाल्याला त्याच्यासाठी एक कटिंग सांगितला.