भांडं मोकळं करणं

सासूबाईंच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला नवी चप्पल लागली आणि ती जखम काही केल्या भरेना. आधी त्यांनी हळद लावली, मग मी मलम आणलं, मग ड्रेसिंगसाठी दवाखान्याच्या चकरा सुरू झाल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, पाय हातात घेऊन बोटानं दाबून पाहिला आणि सरळ सांगितलं, की साखर अशीच चढलेली राहिली तर अंगठा काढावा लागेल, आणि गोष्ट अंगठ्यावरच थांबेल असंही नाही. सासूबाई ऐकत होत्या. बाहेर आल्यावर रिक्षात बसता बसता त्यांनी मला एवढंच विचारलं, "अंगठा गेला तं ओट्यापाशी उभं राहता येईन का वो मले?"

त्या दिवसापासून आमच्या घरात पहारा बसला. साखरेचा डबा मी कपाटावर, रजयांच्या मागं नेऊन ठेवला. गुळाची ढेपही तिथंच. सासूबाईंचा भात बंद, आलू बंद, चहा फिका. त्यांनी कशालाच नाही म्हटलं नाही. गोळ्या वेळेवर घेतल्या, संध्याकाळी जखम सांभाळत अंगणात फेऱ्या मारल्या. तरी पुढच्या तपासणीत साखर होती तिथंच. त्याच्या पुढच्याही.

नवऱ्याचा धीर सुटला. आईसमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "आई, खरं सांग. लपूनछपून खाते का काही?"

"मी कायले लपून खाईन? माह्याच घरात?" त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तुही आन. साखरेचा दाना तोंडात टाकला नाई म्या."

नवऱ्यानं विषय सोडून दिला. मी सोडला नाही. माझं तोंड पहिल्यापासून फाटकं आहे, माहेरी आई म्हणायचीच. मी म्हणाले, "मग काय हवेतून चढते का साखर?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि भांडी विसळायला निघून गेल्या. त्यानंतर दोन-तीन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. आणि मी, खोटं कशाला सांगू, रजयांमागचा डबा हलवून पाहत होते, की साखर कमी झाली का.

त्यांचं माहेर समुद्रपूरकडचं, सासर नाचणगावचं. मुलाला नोकरी लागली तशा त्याच्यासोबत इथं पिपरी मेघेला आल्या, आणि मी पतसंस्थेत कामाला जाते म्हणून स्वयंपाकघर त्यांच्याच हातात राहिलं. त्यांच्या राज्यात काही फुकट गेलेलं मी पाहिलं नाही. दुधाची पिशवी पाण्यानं विसळून ते पाणी चहात. दोडक्याच्या शिरांची चटणी. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, काड्या वरणात, रात्रीचं वरण सकाळी कणकेत, शिळी भाकर कुस्करून फोडणीला. फ्रिजवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यात ठेवलं की माणूस विसरतो आणि मग ते फेकावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. माझ्या लग्नाच्या आधीपासून त्या घरात हेच चाललेलं आणि त्यावरच त्यांची दोन लेकरं शिकून मोठी झालेली, तेव्हा मी बोलणार तरी काय? उलट मला बरंच होतं. घरी यावं, ताटावर बसावं, आयतं गरम जेवावं.

मग मला ताप आला आणि मी सुट्टी काढून घरी पडले. दुपारची वेळ होती. नवरा जेवून पुन्हा ऑफिसला गेला होता, मुलगा आणि मुलगी जेवून क्लासला पळाली होती. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई मोरीपाशी पाटावर बसलेल्या. पुढं भाताचा गंज, म्हणजे पातेलं, तिरपा करून ठेवलेला. तळाचा भात त्या बोटांनी खरवडून काढत होत्या. त्यात मुलाच्या ताटातली अर्धी पोळी कुस्करली, मुलीच्या वाटीतलं आलूच्या भाजीचं उरलेलं ओतलं, आणि ते सगळं घासाघासानं गिळलं. मग सकाळच्या दुधाचा पेला घेतला. मी घातलेली साखर मुलगा तळाशी ठेवूनच उठतो. त्यात पाणी घालून हलवलं आणि पिऊन टाकलं. शेवटी काळं पडलेलं अर्धं केळं. चेहऱ्यावर कसली चव नाही, की चोरी नाही. पुढची भांडी घासायची आहेत, त्यातलंच एक काम चाललं होतं.

"आई, हे काय करून राह्यल्या तुम्ही?"

"काय म्हंजे? भांडे मोकळे करून राह्यली."

"डॉक्टरांनी भात बंद सांगितला ना? आलू? साखर?"

त्या खरंच गोंधळल्या. "अवो, म्या कुठं वाढून घेतला भात? हे काय खानं व्हय? हे तं उरलेलं संपवनं व्हय."

"मग तुम्ही जेवता कधी?"

"झालं ना," त्या म्हणाल्या, आणि गंज मोरीत ठेवला.

मी भिंतीला टेकून उभी राहिले.  इतक्या वर्षांत रोज संध्याकाळी मी त्यांना विचारायची, "आई, जेवलात का?" आणि त्या म्हणायच्या, "हाव, झालं." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना ताटावर बसलेलं मी सणावारीसुद्धा पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

रात्री नवऱ्याला सांगितलं. त्यानं आईची माफी मागितली, पण अशी अवघडून, की सासूबाईच त्याला म्हणाल्या, जाऊ दे. मग आम्ही उपाय काढला. काही उरूच द्यायचं नाही, म्हणजे संपवायचा प्रश्नच येणार नाही. मोजून रांधायचं. लहान गंज वापरायचा. मुलांनी संपेल तेवढंच ताटात घ्यायचं आणि ताट स्वच्छ करून उठायचं. सासूबाईंना हे मनापासून पटलं. "हे तं आनखीच चांगलं," त्या म्हणाल्या. "पीठ बी वाचते."

आणि खरंच, त्यांनी ते असं काही मनावर घेतलं की विचारू नका. भाकरी मोजून, पोळ्या मोजून, भात वाटीनं मोजून. जेवणं झाली की टोपलं रिकामं, गंज रिकामा. मुलगी ताट पुसून दाखवायची आणि आजीकडून शाबासकी घ्यायची. पुढची तपासणी आली तर साखर उतरलेली. नवऱ्यानं रिपोर्ट दोनदा वाचला. जखमेच्या कडा सुकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, असंच चालू ठेवा. मी शेजारणीला फाटकाशी उभं राहून सगळं सांगितलं, वरून म्हटलं, की शिस्त लागली की सगळं होतं. आमच्या घरात कित्येक महिन्यांनी जरा मोकळं वाटत होतं.

त्या आठवड्यात एक दिवस पतसंस्थेतलं काम लवकर आटोपलं म्हणून मी दुपारीच घरी आले. दार लोटलेलं होतं. सासूबाई स्वयंपाकघरात ओट्याला पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. घामानं पोलकं भिजलेलं, हात थरथरत होते. मी हाक मारली तर माझ्याकडे पाहिलं, पण ओळख पटल्यासारखं पाहिलं नाही. काहीतरी बोलत होत्या, त्याचा अर्थ लागेना.  शुगर मोजायचं मशीन आणलं, बोटाला सुई टोचली, आणि तो आकडा इतका खाली होता की मी मशीनच बिघडलं म्हणून दुसऱ्या बोटाला टोचली. तोच आकडा.

साखर पाहिजे होती, आणि साखर कपाटावर होती. मी स्टूल शोधलं, रजया ओढल्या, त्या अंगावर पडल्या, डबा हाताला लागेना. तो डबा लपवणारी मीच, आणि त्याच्यासाठी धडपडणारीही मीच. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. शेवटी डबा निघाला. पाण्यात साखर कालवून चमच्या-चमच्यानं त्यांच्या तोंडात घातली. अर्धी साडीवर सांडली. किती वेळ गेला माहीत नाही. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "काऊन रडून राह्यली वो?"

नवरा आला, आम्ही त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, गोळी घेतली होती का? हाव, वेळेवर, त्या म्हणाल्या. आणि जेवण?

 सासूबाई खाली पाहून म्हणाल्या, "उरलंच नाई ना काई."

"उरलं नाही म्हणजे?" नवरा म्हणाला. "तू तर रोज मोजून करते ना?"

"मोजूनच करतो," त्या म्हणाल्या. त्यांना वाटलं, मोजण्यावरच कोणी शंका घेतं आहे. म्हणून त्यांनी हात पुढं केला आणि बोटांवर हिशोब दिला. पहिली भाकर गाईची, ती सकाळी फाटकाशी येते ना, तिची. मग तुह्या दोन. बाईच्या, म्हणजे माझ्या, दोन. पोरीची एक अन् पोराची दीड, तं दोन धरतो. अन् शेवटची कुत्र्याची. "बस. एक बी जास्त होत नाई," त्या म्हणाल्या आणि आमच्याकडे पाहू लागल्या.

 नवरा त्यांच्या त्या उघड्या हाताकडे पाहत राहिला. डॉक्टर उठून खिडकीशी गेले. मोजून रांधायला लागल्यापासून त्या कशावर राहिल्या असतील, ते मला तिथं उभ्या उभ्या समजत गेलं. फिका चहा. खलबत्त्याला लागलेली चटणी. एखाद्या दिवशी पोराची उरलेली अर्धी भाकर. आणि तो उतरलेला रिपोर्ट घेऊन मी शेजारणीपुढं शिस्तीच्या गप्पा हाणल्या होत्या. गाय मोजली, गल्लीतलं कुत्रं मोजलं, आणि ही बाई स्वतःला मोजायला विसरली नव्हती. आपण मोजणीत असतो हेच तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि पदरात तोंड घालून रडले.

अंगठा वाचला. नख गेलं, पुढचा भाग काळपट राहिला, पण ओट्यापाशी त्या उभ्या राहतात. आता त्यांचं ताट आम्ही आमच्यासोबतच मांडतो. सुरुवातीला त्यांना घास उतरेना. अर्धी भाकर मोडून इकडंतिकडं पाहायच्या, "कोनी घेते का?" म्हणून विचारायच्या. मुलगी म्हणायची, "आजी, ती तुझी आहे." उरलेलं अजूनही फेकत नाहीत. ते आता सगळं गाईला जातं, आणि फ्रिजशीही त्यांनी थोडं जमवून घेतलं आहे. पण भाकरी करताना बोटांवरचा त्यांचा हिशोब मी ऐकते. अजूनही त्या स्वतःला सोडूनच मोजतात. म्हणून सकाळी पीठ मी काढून देते, दोन मुठी जास्तीचं.

परवा संध्याकाळी जेवणं झाली. मी पतसंस्थेतून उशिरा आले होते, म्हणून आधी सगळ्यांना वाढलं, आणि मग भूक मेली होती. ताटं उचलताना पोराच्या ताटात वरणभात दिसला, कडेला पोळीचा तुकडा. उभ्याउभ्याच तो तुकडा वरणात बुडवला आणि तोंडाकडे नेला. किती वर्षांची ही सवय, मलाही माहीत नाही.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्या दिवशी दुपारी धरलं होतं तसंच.

"ठेव थे," त्या म्हणाल्या. "गाईले घालू सकाळी."

"आई, इतकंसंच तर आहे."

"मले बी इतकंसंच वाटे."

मग त्यांनी माझ्या हातातलं ताट घेऊन बाजूला ठेवलं, पाट सरकवला आणि तवा पुन्हा गॅसवर चढवला. पीठ मळायच्या कोपरात, त्यांची स्वतःची भाकर होऊनही, दोन मुठींचं पीठ उरलं होतं. त्याची भाकर त्यांनी माझ्यासाठी थापली, आणि मी जेवून उठेपर्यंत समोर बसून राहिल्या.