पाचव्या खान्यातलं दीपगृह

माझे धाकटे दीर बसवर कंडक्टर आहेत. अठ्ठावीस वर्षांत मागची बाजू बघितल्याशिवाय त्यांनी कुणाला सुटं नाणं दिलेलं नाही. काही निमित्तानं काढलेलं, वेगळ्या चित्राचं नाणं दिसलं की खिशातलं आपलं साधं नाणं बॅगेत टाकायचं आणि ते उचलायचं. नाणी दुर्मीळ वगैरे मुळीच नाहीत. किंमत छापलीय तेवढीच. पण घरी धाकटी जाऊ वाट बघत असायची. "अहो, आज कोण आलं?" विचारायची, जणू पाहुणाच.

नाण्यांचा अल्बम तिचा. प्रत्येक खान्याखाली सापडल्याची तारीख तिच्या बारीक अक्षरात. एक नाणं ठेवल्यावर तसलंच दुसरं आलं, तर नखं घासायच्या कानशीनं त्याच्या कडेला तिरकी खाच पाडून ती ते भाजीवाल्याला देऊन टाकायची. "जेवून गेलेल्या पाहुण्याला पुन्हा ताट नको," म्हणायची. खाच दिसली की नाणं घरात घ्यायचं नाही, हा तिचा नियम.

पाच चित्रांच्या मालिकेतलं दीपगृह तेवढं राहिलं होतं. आजारपणाच्या शेवटच्या आठवड्यात ती भाऊजींना म्हणाली, "मिळालं की मला आणून द्या हं." आणि गेली.

त्यानंतर तिच्या खाचेची नाणी भाऊजींच्या बॅगेत परत यायला लागली. आधी आठवड्याला एखादं, मग रोज. आमचे हे म्हणाले, "गाव एवढंसं, नाणी फिरणारच." फिरोत बापडी. पण वर्षानुवर्षं न दिसलेली एकदम कशी?

भाऊजी मात्र शांत. गरम कोट त्यांनी वॉचमनला देऊन टाकला. जेवण दोन घासांवर आलं. मी रागावले तर म्हणाले, "एक दीपगृह यायचंय, वहिनी. आलं की नेऊन देईन तिला." बस कुठं जाते ते सांगावं, तसं सहज. तेव्हापासून देवाजवळ एकच मागत होते, ते नाणं या माणसाच्या हाती लागू देऊ नको.

परवा औषधाच्या दुकानात सुटे मिळाले, त्यात ते निघालं. माझ्याच हाती! मुठीत धरून घरापर्यंत चालत आले, तरी थंडगारच. पिठाच्या डब्यात पार तळाशी खुपसलं आणि वर देवाला हात जोडले.

चारला भाऊजी ड्यूटीवरून आले. चपला काढताना, मान वर न करताच म्हणाले, "द्या, वहिनी."

"काय देऊ?"

आता त्यांनी बघितलं. "कोपरापर्यंत पीठ लागलंय तुमच्या. आणि स्वयंपाक तर सकाळीच झालाय."

खोटं बोलवेना. काढून दिलं. त्यांनी पीठ पुसलं, कडेवरून बोट फिरवलं आणि थांबले. खिडकीशी नेऊन पुन्हा बघितलं.

"खाच आहे."

मीही बघितली. तिरकी, तिचीच.

"पण हे आपल्याकडे कधी आलंच नव्हतं ना?"

"पहिलं ठेवल्याशिवाय ती खाच पाडत नसे, वहिनी."

"मग पहिलं कुठंय?"

भाऊजी खुर्चीत बसले. "तिच्याकडे." नाणं हातात फिरवलं. "मग मी काय नेऊन देणार? माझंच ताट इतक्यात मांडायचं नाही म्हणतेय ती." हसले की रडले, कळलं नाही. मी पाणी दिलं. ते पिऊन म्हणाले, "वॉचमनकडून कोट परत मागितला तर बरं दिसेल का हो?"

"अजिबात नाही दिसणार," मी म्हणाले. "चला, मी येते सोबत."

काल पहिल्या फेरीच्या पहिल्या उतारूला त्यांनी ते नाणं देऊन टाकलं. आज बॅगेत खाचेचं एकही आलं नाही. पाचवा खाना रिकामाच आहे. दुपारी अल्बम पुसायला घेतला, तर त्या खान्याखाली तिच्याच बारीक अक्षरात तारीख. ती गेल्यानंतरची. मी अल्बम मिटून जागेवर ठेवला, भाऊजींना सांगितलं नाही. आज त्यांनी दोनदा वाढून घेतलं, तेवढं मला पुरे.