चित्रकोटची तालीम

चित्रकोटचा धबधबा एकदाही न बघता त्याच्यावर सगळ्यात जास्त बोलणारा माणूस अख्ख्या छत्तीसगडात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं नशीब. इंद्रावती कुठं पसरते आणि कुठं पडते, कोणत्या महिन्यात पाणी मातकट असतं आणि कोणत्या महिन्यात पांढरं, खाली नावेत बसलं तर तुषार कुठवर येतात, ऊन कोणत्या बाजूनं आलं म्हणजे इंद्रधनुष्य दिसतं, हे सगळं तो रायपूरच्या गुढियारीतल्या आपल्या अंगणात लुंगीवर उभा राहून असं सांगतो की ऐकणाऱ्यानं रुमाल काढून तोंड पुसावं. सतरा वर्षं झाली, तो तिथं जायचा बेत करून राहिला आहे. त्या रस्त्यानं तो धमतरीच्या पुढं कधी गेलेला नाही. आणि तरीही मी त्याच्यावर जळतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कोणी मला भला माणूस समजू नये. त्याचे दात अजून जागेवर आहेत. त्याला पडल्या पडल्या झोप लागते. त्याची बायको त्याला रोज दोन वेळा गरम पोळी वाढते आणि चार वेळा शिव्या घालते. माझ्या घरात आता शिव्या घालायलाही कोणी नाही.

तो मालगाडीचा गार्ड होता, मी वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर. म्हणजे मी मोडलेलं नीट करायचो आणि तो नीट केलेल्याच्या शेपटाला बसून शिट्टी फुंकायचा. रिटायर झाला तरी त्याच्यातला गार्ड काही उतरला नाही. घरातून भाजी आणायला निघताना दारात थांबून पुढं-मागं बघतो, मग एक बारीक शिट्टी देतो, मग पाऊल टाकतो. गोल बाजारात बायकोच्या मागं दहा हात अंतर ठेवून चालतो. साळी, म्हणजे त्याची बायको, माझ्या बायकोची धाकटी बहीण, बांगड्यांच्या दुकानात शिरली की हा बाहेर उभा, हात वर करून. लोकांना वाटायचं, हिचा मोर्चा निघाला आहे. मी एकदा विचारलं, "काहून रे, बायकोच्या बरोबरीनं चालता येत नाही का तुले?" तर म्हणाला, "दादा, मागून सगळी गाडी दिसते. पुढच्याले फक्त रस्ता दिसते." एका वर्षी धबधब्यासाठी थर्मास घ्यायचा ठरला, तर त्यानं दुकानदाराकडूनच गरम पाणी मागून घेतलं, थर्मासात भरलं आणि घड्याळ लावून दुकानातच बसला. आठ तासांचा प्रवास, म्हणून आठ तास. दुकानदारानं आधी डोळे वटारले, मग स्टूल दिलं, दुपारी आपल्या डब्यातली भाजी दिली आणि संध्याकाळी दोघांनी मिळून पाण्यात बोट घालून बघितलं. कोमट. थर्मास घेतला नाही. दुकानदार मात्र अजून त्याला सणाला बोलावतो. माणसं अशी त्याला चिकटतात. मला आयुष्यात एका दुकानदारानं स्टूल दिलेलं नाही.

पोळा झाला की त्याची वही निघायची. पाऊस ओसरताना धबधबा सगळ्यात चांगला, हे त्याचं म्हणणं, म्हणून बेत दसऱ्याच्या आतला. वहीत सगळी नोंद असायची. तिखट पुऱ्या रस्त्यात टिकतात का हे बघायला त्यानं एकदा पुऱ्यांचा डबा उन्हात भिंतीवर ठेवला आणि दर तासाला एक पुरी खाऊन शेरा लिहिला. तिसऱ्या तासाला नरम. पाचव्या तासाला चिवट. सातव्या तासाला पोटात दुखले, पुऱ्यांमुळे की पुऱ्यांच्या संख्येमुळे ते कळले नाही, पुन्हा तपासावे. हे तो मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि माझी बायको पदर तोंडात धरून हसायची. "जवाईबापू, आता पुरे, माह्या बरगड्या दुखून राहिल्या," म्हणायची. तीच बाई माझ्या घरात दिवसभर मुकाट्यानं काम करायची. मी काही तिला मारत नव्हतो, पीत नव्हतो, पगार पुरा हातात द्यायचो. पण मला हसवता येत नाही. आमच्या घरी बापानं कधी कोणाला हसवलं नाही, मला ते शिकायला मिळालं नाही. सतरा वर्षं मी तिला गुढियारीला नेऊन सोडायचो आणि हसणं ऐकत बसायचो. ती तिथं एवढ्या हौसेनं कशासाठी जाते, धबधब्यासाठी, बहिणीसाठी की या लुंगीवाल्यासाठी, हे मला कधी विचारता आलं नाही. त्याचा काटा मात्र रोज टोचायचा.

त्या सगळ्यावर कळस म्हणजे तालीम. उभ्या गाडीत जे बिघडतं ते चालत्या गाडीत जीव घेतं, असं त्याचं रेल्वेतलं शिक्षण. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी सगळा प्रवास अंगणात करून बघायचा. पहाटे पाचला खुर्च्या मांडायच्या. ड्रायव्हरच्या खुर्चीवर स्टीलची परात, ते स्टेअरिंग. तिच्या शेजारी मी, कारण मी वयानं मोठा. माझ्या मागं खिडकीला माझी बायको, तिच्या बाजूला साळी, त्यांच्या मागं सामान, आणि सगळ्यात शेवटी पत्र्याच्या पेटीवर हिरवी झेंडी घेऊन हा. शिट्टी झाली की गाडी सुटली. मग उठायचं नाही. धमतरीला चहा. कांकेरला नाश्ता. केशकालचा घाट आला की हा मागून ओरडायचा, "डावं वळण!" आणि दोघी बहिणी डावीकडं झुकायच्या, "उजवं!" की उजवीकडं, आणि एकमेकींच्या अंगावर पडून अशा खिदळायच्या की शेजारचे लोक भिंतीवरून बघायचे. एक म्हातारी शेजारीण तर दर वेळी विचारायची, "पहुँच गे का?" आणि साळी म्हणायची, "नहीं दाई, अभी तो कोंडागाँव भी नहीं आया." मी परातीशेजारी बसून समोरच्या संडासाच्या दाराकडं बघत आठ तास काढायचो.

आता ती खरी गोष्ट सांगतो, जी आमच्या दोन्ही घरांत अजून कोणी हसल्याशिवाय धड सांगू शकत नाही. एका वर्षी त्यानं शनिवारी तालीम आणि रविवारी गाडी असं ठरवलं. वहीत तसं लिहिलं. मग शनिवारी एकादशी निघाली, नाश्ता करून बघता येणार नाही म्हणून त्यानं तालीम रविवारवर ढकलली आणि गाडी पुढं ढकलायची विसरला. रविवारी सकाळी आम्ही खुर्च्यांवर, पोहे हातात, आणि बाहेर गल्लीत हॉर्न. खरी गाडी, खरा ड्रायव्हर, तीन तास उशिरा का होईना. तो दारातून डोकावून म्हणाला, "अंकल, चलना है न?" साडूनं पेटीवरून न उठता झेंडी दाखवून सांगितलं, "अभी कैसे चलेंगे भैया? हम तो काँकेर में हैं!" ड्रायव्हरनं परात बघितली, मला बघितलं, चपला काढून अंगणात आला आणि हळूच विचारलं, "घर में कोई बड़ा है क्या?" मी म्हटलं, "उठा रे बाबांनो, गाडी आली आहे, बसू आणि जाऊ." तर साडू म्हणे, "दादा, अर्ध्या तालमीवर गाडी सोडता येत नाही. नियम आहे." गाडी गेली. आम्ही दुपारी एकला अंगणातच धबधब्यावर पोहोचलो. साळीनं बादलीभर पाणी कौलावरून ओतलं. माझी बायको त्याच्याखाली हात धरून उभी राहिली आणि इतकी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला आणि मी पाठ थोपटायला उठलो, तर मागून हा ओरडला, "दादा, चालत्या गाडीत उठू नका!"

त्या दिवशी घरी येताना मी तिला म्हणालो, "उद्या मी नेतो तुले. बसनं जाऊ, दोघंच." ती म्हणाली, "न्या." मी नेलं नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात काम निघालं, मग गुडघा निघाला, मग सगळं राहून गेलं. नवा रायपूरचे रुंद रस्ते मात्र तिला तीनदा दाखवले, कारण तिथं पुतण्याची नोकरी होती. त्या वर्षापासून साडूच्या तालमीत दर वेळी काही तरी बिघडायचं. चपलेचा अंगठा तुटला, बेत रद्द. दही सांडलं, रद्द. कोणी अकरा मिनिटं उशिरा आलं, रद्द. ते कोणी म्हणजे मीच.

गेल्या पौषात ती गेली. चार दिवस ताप, आणि संपलं. जास्त लिहीत नाही. तेरवीला साडू पंगतीच्या टोकाला उभा राहून शेवटचा माणूस जेवेपर्यंत हलला नाही, आणि मला त्याचाही राग आला. माझ्या बायकोच्या तेरवीला हा गार्ड काहून? यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन दारात. "दादा, रविवारी तालीम आहे." मी म्हटलं, "लाज वाटते का तुले?" तो म्हणाला, "वाटते. पण या." आणि शिट्टी न वाजवता निघून गेला.

मी गेलो, भांडायलाच गेलो. अंगणात खुर्च्या होत्या तशाच. माझी पुढं. माझ्या मागं खिडकीची खुर्ची रिकामी, पुसून ठेवलेली. साळी आपल्या जागी, डोळे खाली. माझं टाळकं सटकलं. "माह्या बायकोची जागा राखणारा तू कोण? तुह्या अंगणात हसायले येत होती म्हणून तुही झाली का ती? मी घरी नेऊन टाकतो ही खुर्ची." असं आणि याहून वाईट बोललो. भिंतीवरून बघणारी शेजारीण खाली बसली. साळी रडायला लागली. साडूनं वही उलटून माझ्यापुढं धरली. मला अक्षर लावायला वेळ लागतो. बसायच्या जागांचं पान होतं, कुठल्याशा जुन्या वर्षाचं. पुढची खुर्ची, माझं नाव. त्यामागं तिचं. तिच्या नावापुढं शेरा: 'पलीकडची सावलीची खिडकी नको म्हणतात, बाहेर काय बघायचे. दादांच्या मागेच पाहिजे.'

"दर साली विचारत होतो, दादा," तो म्हणाला. "मी म्हणे, मोठ्या बाई, तुम्ही इकडं बहिणीच्या पलीकडं बसा, तिथं सावली आहे, पंखा लावून देतो. तं नाही म्हणत. म्हणे, ह्यांले बसल्या बसल्या झोप लागते, मान लटकते, मंग दोन दिवस दुखते आणि कोणाले सांगत नाहीत. मागं बसलं म्हणजे हात लावता येते."

मी तालमीत झोपायचो, हे खरं आहे. बिनचाकाच्या गाडीत माणूस दुसरं काय करील? पण माझ्या मानेला कोणाचा हात असायचा हे मला ठाऊक नव्हतं. सतरा वर्षं जी मान दुखली नाही, ती का दुखली नाही, हा प्रश्नच कधी पडला नाही.

"मले काहून नाही सांगितलं?" मी म्हटलं.

साळी नाक पुसत म्हणाली, "भाऊजी, तुम्ही जागे झाले की बाई हात काढून घे. मी पाह्यलं ना. तुम्ही जागे झाले की चिडत होते."

चिडत होतो. तेही खरं आहे.

मी जाऊन तिच्या खुर्चीवर बसलो. तिथून काही दिसत नाही. ना संडासाचं दार, ना परात, ना रस्ता. समोर फक्त पुढच्या खुर्चीची पाठ. साडू वही काखेत घेऊन उभाच. साळीनं डोळे पुसले आणि त्याच्यावर खेकसली, "बसा ना तुम्ही पुढं. गाडी काय अशीच जाईन? जिंदगीभर शेपटाले बसले." तो माझ्या खुर्चीवर जाऊन बसला. झेंडी कुठं ठेवावी ते त्याला कळेना, शेवटी परातीत ठेवली. शिट्टी साळीनंच मारली.

धमतरीला चहा झाला. कोणी हसलं नाही. कांकेरचे पोहे खाऊन झाले. मागून ओरडायला कोणी नव्हतं, म्हणून केशकालचा घाट आला तरी कोणी झुकलं नाही. आणि त्या घाटात त्या गार्डाची, ज्यानं नोकरीभर एक डुलकी घेतली नाही असं तो शपथेवर सांगतो, मान हळूहळू उजवीकडं कलायला लागली. पिकलेले केस, कानामागं तेल, साळीनंच लावलेलं असणार. मी बघत बसलो. जळतच होतो. एवढी गोष्ट तिनं त्याला सांगितली आणि मला सांगितली नाही, याचं मला त्या वेळीही वाईट वाटलं आणि आताही वाटतं. साळीनं माझ्याकडं बघितलं, पण हात पुढं केला नाही.

मान आणखी खाली आली, तेव्हा मी दोन बोटं लावली. मग पूर्ण हात. माणसाचं डोकं एवढं जड असतं, हे मला ठाऊक नव्हतं. मनगट भरून आलं, तरी कोंडागाव येईपर्यंत मी ते तसंच धरून ठेवलं, आणि तो जागा होतो आहे असं वाटलं तेव्हा हात काढून घेतला.