दादाच्या कानातली बाळी

मुळशीहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं पुण्यात माझ्या दारात येऊन सांगितलं, "तुमचा दादा गेला. चिखलणी करताना खाचरातच कोसळला." मला आधी रडू आलंच नाही, संताप आला... खाचरात उतरलाच कशाला? नांगराला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं ना?

रक्तदाब हा शब्द आमच्या घरात दादामुळे शिरला. सारखं ठणकणारं डोकं, चढावर लागणारी धाप. हृदयावर ताण आलाय म्हणून पौडच्या डॉक्टरांनी सर्पगंधाच्या गोळ्या दिल्या, मीठ तोडलं. घरच्यांचा भरवसा मात्र सोनारावर. आमच्याकडे जुनाट दुखण्याला कानाची वरची पाळी टोचून घेतात. सोनारानं टोचून तिथे तांब्याची तार घातली. रोज सकाळी वैनी खोबरेल कोमट करून कानाला लावायची आणि ते मुरेपर्यंत दादा ओट्यावर गप्प बसायचा. एरवी हा माणूस जेवतानासुद्धा अर्धा उठलेला असायचा! काही दिवसांनी डॉक्टरांच्या यंत्रातला पारा खरोखरच उतरला. ते म्हणाले, "तारेनं, गोळ्यांनी की नुसत्या बसण्यानं, मला सांगता यायचं नाही. यातलं काहीच सोडू नका."

पण आमची रीत अशी, की जखम भरली की तार काढून सोन्याची बाळी घालायची आणि दुखणं संपलं म्हणून गोडाचं जेवण करायचं. त्या जेवणाला मी होते. दादानं लोणच्याची बरणीच पुढ्यात ओढली. मी गोळ्यांचं विचारलं, तर म्हणाला, "सुमे, बाळी कानात हाय न्हवं? मग गोळ्या कशापायी? लई हलकं वाटतंय बग." मी भांडले. तो वैनीकडे बघून हसला, "हिला पुन्याचं वारं लागलंय."

गोळ्या थांबल्या, तेल थांबलं, ते बसणंही थांबलं. भाताची कामं निघाली तसा तो बैलांमागे चिखलात उतरला.

शेवटच्या अंघोळीआधी बाळी काढली, तेव्हा मी कान पाहिला. ना सूज, ना पू... भोक सुरेख भरून आलं होतं. मला त्या सुरेखपणाचीच चीड आली.

तेराव्यानंतर सकाळी बाहेर आले, तर वैनी ओट्यावर, दादाच्या जागेशेजारी बसलेली. हातात कोमट तेलाची वाटी.

"वन्सं," ती म्हणाली, "कान बरा झाला म्हनून आमी बसायचं सोडलं. आनि कान तर खरंच बरा झाला व्हता..."